क्राकूफमधले चार दिवस आणि आजीचा एक शब्द

आमच्या आजीच्या तोंडात एक शब्द होता, ‘जिंदोब्रे’. दारात कुणी आलं की ती आधी हसून ‘जिंदोब्रे’ म्हणायची आणि मग ‘या, बसा’. आम्हा पोरांना तो तिचा स्वतःचा शब्द वाटायचा. ती वळिवड्याची. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून 1948 पर्यंत, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे 5,000 माणसं, त्यातही बहुतेक बायका आणि मुलं. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती आणि आपल्या आईबरोबर डोक्यावर पाटी घेऊन छावणीत भाजी विकायला जायची. हे सगळं माहीत असूनही त्या शब्दाचा उगम शोधावा असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही.

मी कामानिमित्त बर्लिनला असते. यंदा श्रावणात आई माझ्याकडे आली होती. पंधरा ऑगस्टच्या सुमारास पोलंडमधल्या क्राकूफला पिएरोगींचा महोत्सव भरतो हे मला ऑफिसातल्या एका पोलिश मैत्रिणीनं सांगितलं आणि मी दोघींची तिकिटं काढली. पिएरोगी म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, एवढंच मी आईला सांगितलं होतं.

13 ऑगस्ट

बर्लिनहून निघालेली गाडी क्राकूफला पोचेपर्यंत दुपार टळून गेली. सामान खोलीवर टाकलं आणि मुख्य चौकाकडे निघालो. वाटेत कोपऱ्यावर काचेची निळी गाडी उभी होती आणि काचेआड कड्यांसारखे पाव रचून ठेवलेले होते. खसखशीचे, तिळाचे, जाड मिठाचे. गाडीवरच्या बाईंनी आमच्याकडे बघून म्हटलं, ‘‘जेन दोब्री.’’

आईनं माझा दंड घट्ट धरला. ‘‘अगं, आजीचा जिंदोब्रे!’’

शुभ दिवस, नमस्कार, एवढाच त्याचा अर्थ. पोलंडमध्ये लहान दुकानात शिरताना गिऱ्हाइकानं आधी हा शब्द म्हणायचा असतो आणि निघताना निरोपाचा. न बोलता आत शिरून वस्तूंना हात लावणं तिथं उद्धटपणाचं समजतात. म्हणजे आजी हा शब्द छावणीतल्या बायकांकडून, भाजीच्या पाटीशी उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकांकडून शिकली होती. सत्तर वर्षं तिनं तो जसाच्या तसा सांभाळला.

त्या पावाचं नाव ओब्वाझानेक. कणकेचे दोन पदर एकमेकांत पिळून त्याचं कडं करतात, ते आधी पाण्यात उकळतात आणि मग भट्टीत भाजतात. 1394 सालच्या राणी यादविगाच्या दरबारी हिशोबात त्याची नोंद सापडते. 2010 पासून, आपल्या कोल्हापुरी गुळाला आहे तसं, त्याला भौगोलिक मानांकन आहे. मी वीस झ्वोतींची नोट पुढे केली तर बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, ‘‘द्रोब्ने?’’ भाषा कळायची गरजच नव्हती, एसटीच्या कंडक्टरचा चेहरा तो. सुट्टे! पाकिटातली चिल्लर मी तळहातावर धरली, त्यांनी त्यातली मोजून उचलली. आईनं खसखशीचा घेतला. बाहेरून खरपूस आणि आत चिवट, किंचित गोडसर. ही वस्तू सकाळी खावी, संध्याकाळपर्यंत वातड होते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

रात्रीच्या जेवणाचा मात्र विचका झाला. चौकाजवळच्या एका हॉटेलात आम्ही बटाट्याचे पिएरोगी मागवले. आई श्रावण पाळते, मांस चालणार नाही, हे मी दोनदा सांगितलं. ताट आलं तेव्हा वर सोनेरी तुकडे भुरभुरलेले होते. आईला तो तळलेला कांदा वाटला. तिनं घास तोंडाशी नेला आणि वासानंच थांबली. ती डुकराची तळलेली चरबी होती, स्क्वार्की. वेटरला बोलावलं तर तो म्हणाला, बाजूला काढा आणि खा. ताट बदलून दिलं नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले. वर माझी आणखी एक चूक झाली. बिलाची नोट देताना मी सवयीनं पोलिशमध्ये ‘धन्यवाद’ म्हटलं. पैसे देताना धन्यवाद म्हणणं याचा तिथं अर्थ ‘उरलेले तुम्हाला ठेवा’ असा होतो. उरलेले आलेच नाहीत.

पैशांचं मला काही वाटलं नाही. आई खोलीवर येऊन घरून आणलेली दशमी आणि लोणचं खात बसली, ते मात्र मनाला लागलं. आपलं माणूस परक्या गावात उपाशी झोपायची वेळ येते तेव्हा जेवण वाढणाऱ्याच्या एका शब्दाचं मोल कळतं. झोपण्यापूर्वी मी दोन शब्द पाठ केले, ‘बेस स्क्वार्कूफ’. म्हणजे चरबीच्या तुकड्यांशिवाय. पुढचे तीन दिवस ते माझ्या फार कामाला आले.

14 ऑगस्ट

सकाळी स्तारी क्लेपाशच्या मंडईत गेलो. क्लेपाश हे एके काळी क्राकूफच्या तटाबाहेरचं स्वतंत्र गाव होतं, 1366 मध्ये काझिमिएश राजानं त्याला नगराचा दर्जा दिला. मंडई अजून तिथंच भरते. पत्र्याच्या छपराखाली चिंचोळ्या गल्ल्या आहेत आणि त्यात निळ्या जांभळ्या बेऱ्या, रानातली पिवळी अळंबी, टोमॅटोचे ढीग, शेपूच्या जुड्या. शेपू बघून आई खुलली. या देशात शेपूशिवाय पान हलत नाही. उकडलेल्या बटाट्यावर, काकडीवर, सारात, सगळीकडे. आमच्या घरी शेपूची भाजी केली की अर्धी माणसं नाक मुरडायची आणि आई एकटी आवडीनं खायची. इथं तिला तिच्या पंगतीची माणसं भेटली.

एका बाईंकडे प्लास्टिकच्या मोठ्या पिंपात काकड्या मुरत ठेवलेल्या होत्या. वर शेपूचे बी धरलेले तुरे, लसणाच्या पाकळ्या आणि एक रुंद हिरवं पान. ते पान तिखट मुळाच्या एका झाडाचं, त्यानं काकडी कडक राहते म्हणे. तेल नाही, मसाला नाही, नुसतं मिठाचं पाणी. आम्ही नुसत्या बघत उभ्या होतो, तर बाईंनी पिंपात चिमटा घातला, एक काकडी काढली, सुरीनं दोन केली आणि दोघींच्या हातात अर्धी अर्धी ठेवली. ही दोन-चार दिवसांचीच होती, अर्धी मुरलेली. तिला ‘माउओसोल्ने’ म्हणतात, कमी मिठाची. ती उन्हाळ्यातच मिळते. सालीला हिरवेपणा होता, दाताखाली कचकन वाजली आणि मग ती आंबट-खारट चव टाळूला जाऊन भिडली. आईनं डोळे मिटले. अर्धा किलो घेतल्या. बाईंनी वजन केल्यावर वरून आणखी एक टाकली. वर घालायची पद्धत जगभर एकच!

पुढच्या दुकानात बाटल्यांमध्ये पांढुरकं दाट पाणी भरून ठेवलेलं होतं. आईनं विचारलं, ‘‘हे काय गं?’’ ते झुरेकचं आंबवण होतं. राय नावाच्या धान्याचं पीठ पाण्यात कालवून लसूण, तमालपत्र घालून चार-पाच दिवस उबेला ठेवतात. ते आंबलं की त्याचं सार करतात, तेच झुरेक. हॉटेलात त्यात सॉसेज आणि अंडं पडतं म्हणून आईला ते खाता येणार नव्हतं, पण बाटलीत फक्त पीठ आणि पाणी. दुकानदारानं झाकण उघडून बाटली पुढे धरली. आईनं वास घेतला आणि म्हणाली, ‘‘हे तर आंबिलच की!’’

मीही वास घेतला. ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला घरोघरी जो वास असतो, तोच. ज्वारीच्या जागी राय, एवढाच फरक. ज्या देशात सहा महिने थंडी असते तिथं आंबवणं हा टिकवण्याचा मार्ग, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पोट थंड ठेवण्याचा. कारणं वेगळी, पण ती बरणी चुलीजवळच्या उबेला ठेवणारी बाई दोन्हीकडे सारखीच. आईनं एक बाटली घेतली आणि पिशवीत उभी राहील अशी बेताबेतानं ठेवली.

मंडईत त्या दिवशी फुलांच्या जुड्या फार दिसत होत्या, पण त्या नुसत्या फुलांच्या नव्हत्या. त्यात गव्हाच्या लोंब्या, खसखशीची बोंडं, पुदिना, रानफुलं, एखादं सूर्यफूल. पंधरा ऑगस्टला मेरीमातेचा सण असतो, पोलिश लोक तिला वनस्पतींची माता म्हणतात आणि अशा जुड्या चर्चमध्ये नेऊन मंत्रवून आणतात. आई म्हणाली, ‘‘श्रावणात आपणही पत्री गोळा करतो.’’ तिनंही एक जुडी घेतली. चर्चसाठी नव्हे, खोलीतल्या पेल्यात ठेवायला.

दुपारी दूध-बारमध्ये जेवलो. पोलिश नाव ‘बार म्लेच्नी’. दारूशी त्याचा काही संबंध नाही. दूध, पीठ, अंडी यांचे स्वस्त पदार्थ देणारी ही खानावळ. पहिली 1896 मध्ये वॉर्सात निघाली, साम्यवादी काळात गावोगावी पसरली आणि आजही अशा खानावळींना सरकारी अनुदान मिळतं. 1995 मध्ये आपल्याकडे एक रुपयाची झुणका-भाकर केंद्रं निघाली होती, त्याची आठवण झाली. आपली ती केंद्रं टिकली नाहीत आणि या खानावळी टिकल्या, याची मला हळहळ वाटली. आत सूट घातलेले वकील, पाठीवर सॅक घेतलेली मुलं आणि एकेकट्या आलेल्या म्हाताऱ्या एकाच टेबलाशी बसून जेवत होत्या.

पद्धत अशी: भिंतीवरच्या पाटीवरून पदार्थ निवडायचा, गल्ल्यावर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, ती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची, आणि जेवण झालं की ताट दुसऱ्या खिडकीत आपण नेऊन द्यायचं. आम्ही पाटी वाचण्यात अडकलो आणि मागे रांग वाढली. गल्ल्यावरच्या बाई जरा तडकल्या. मी घाईघाईनं ‘बेस स्क्वार्कूफ’ म्हटलं. त्यांनी मान वर करून आईकडे पाहिलं, आणि पाटीवरच्या एकेका ओळीवर पेन ठेवत मान हलवू लागल्या. हे नको, हे नको, हे चालेल, हेही. हसल्या नाहीत. पण मांस नसलेली प्रत्येक ओळ त्यांनी दाखवली. कालच्या हसतमुख वेटरपेक्षा मला या रागीट बाई हजारपट आवडल्या.

आईचं ताट: शेपू भुरभुरलेले उकडलेले बटाटे, वाटीत ताकासारखी माश्लांका, आणि मिझेरिया. मिझेरिया म्हणजे काकडीच्या पातळ चकत्या, आंबटसर साय आणि शेपू. ही तर काकडीची कोशिंबीर, फक्त फोडणी आणि दाण्याचं कूट राहिलेलं. आईनं माश्लांकेत चिमूटभर मीठ घातलं आणि एका दमात ग्लास संपवला. आदल्या रात्रीची दशमी आठवून मला बरं वाटलं.

15 ऑगस्ट

सकाळी आईनं गावाकडच्या सगळ्यांना झेंड्याचे फोटो पाठवले. इथंही सुट्टी होती. मेरीमातेचा सण आणि शिवाय 1920 च्या वॉर्साच्या लढाईची आठवण म्हणून सैन्यदिन. किराणा दुकानं, मोठे बाजार सगळे बंद. दूध आणायला मी तीन गल्ल्या फिरले आणि तसंच परत आले. पोलंडला या दिवसांत जाणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी लागेल ते घेऊन ठेवावं.

महोत्सव माउई रिनेकवर, म्हणजे छोट्या चौकात भरतो. मेरीच्या चर्चच्या पाठीमागे ही जागा आहे, जुन्या काळी इथं मांसाचा बाजार होता. 2003 पासून दर ऑगस्टला इथं पिएरोगींचे स्टॉल लागतात. आम्ही पोचलो तेव्हा चर्चच्या बुरुजावरून तुतारी वाजली. ती दर तासाला वाजते आणि मध्येच तुटते. तातारांच्या, म्हणजे मंगोलांच्या, हल्ल्यात तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण लागला अशी दंतकथा आहे. आई वर बघत राहिली. सूर तुटल्यावर क्षणभर तिला वाटलं, खरंच काही झालं.

लाकडी स्टॉल, प्रत्येकावर वाफ आणि प्रत्येकापुढे रांग. बटाटा आणि ताज्या चीजचे, आंबवलेला कोबी आणि अळंबीचे, पालकाचे, मसुरीचे, बदकाच्या मांसाचे, जांभळ्या बेऱ्यांचे. बेऱ्यांच्या पिएरोगींवर गोडसर साय ओततात. चावलं की आतला रस जांभळा होऊन सायीत पसरतो. परीक्षकांच्या बक्षिसाला संत यात्सेकची मूर्ती देतात आणि लोकांच्या पसंतीचं बक्षीस काझिमिएश राजाच्या नावानं असतं. यात्सेक हा डॉमिनिकन साधू 1257 मध्ये पंधरा ऑगस्टलाच क्राकूफमध्ये वारला. तातारांनी गाव जाळल्यावर त्यानं भुकेल्यांना पिएरोगी खाऊ घातले, असं लोक सांगतात. अचंबा वाटला की पोलिश म्हातारी माणसं अजून ‘पिएरोगीवाल्या संत यात्सेका!’ असं म्हणतात. त्याची समाधी चौकापासून पाच मिनिटांवर, स्तोलार्स्का रस्त्याच्या टोकाच्या चर्चमध्ये आहे. संध्याकाळी आम्ही तिथं जाऊन आलो. आईनं अन्नदान करणाऱ्याला करतात तसा नमस्कार केला.

पण मला सांगायचंय ते एका स्टॉलबद्दल. कडेचा, लहानसा. पाटीवर पहिलंच नाव ‘रुस्किए’. बटाटा, ताजं चीज, परतलेला कांदा. हा पोलंडमधला सगळ्यांचा आवडता प्रकार. नावावरून रशियाचा वाटतो, पण तसा नाही. रुस म्हणजे रुथेनिया, जुन्या पोलंडच्या पूर्वेचा ल्वूफच्या आसपासचा मुलूख. तो आज युक्रेनमध्ये आहे. 2022 च्या युद्धानंतर काही खानावळींनी पाटीवरचं हे नाव बदलून ‘युक्रेनी’ केलं.

वळिवड्याच्या छावणीतल्या बायका बहुतेक याच पूर्वेच्या मुलखातल्या. 1940 आणि 1941 मध्ये सोव्हिएत फौजांनी त्यांना मुलाबाळांसकट उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेलं. तिथून सुटून त्या इराणमार्गे हिंदुस्थानात आल्या. युद्ध संपलं तेव्हा त्यांचं गाव पोलंडमध्येच उरलं नव्हतं, सीमा सरकल्या होत्या. म्हणजे आजीनं ज्यांना बटाटे विकले, त्या बायकांच्या घरचं अन्न माझ्यासमोरच्या या ताटात होतं. हे आईला सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही.

मी म्हटलं, ‘‘बेस स्क्वार्कूफ.’’ स्टॉलवरची तरुणी म्हणाली, आमच्याकडे ते नसतंच, फक्त लोणी आणि कांदा. आणि तरीही तिनं चमचा धुतला, वेगळ्या भांड्यातून पिएरोगी काढले आणि आईला दाखवून मगच ताट दिलं. ती पोलंडची नव्हती. ल्वीफची होती, युद्ध सुरू झाल्यावर आईला घेऊन इकडे आलेली. पोलिश लोक ज्याला ल्वूफ म्हणतात ते तिचं ल्वीफ. ही माहिती तिनं पिएरोगी मोजता मोजता सहज दिली.

तिची आई मागच्या टेबलाशी पिएरोगी वळत होती. आमची आई तिथं जाऊन उभी राहिली आणि पुढची पंधरा मिनिटं तिथून हलली नाही. त्या बाईंनी पोळी लाटली होती, पेल्याच्या कडेनं त्यातून गोल पाडत होत्या. एक गोल डाव्या तळव्यावर, मधोमध सारण, अर्धा दुमडून कड दाबली आणि मग अंगठ्यानं टोकापासून टोकापर्यंत बारीक बारीक दुमडत गेल्या.

‘‘मुरड!’’ आई म्हणाली. ‘‘करंजीची मुरड गं. कातणं नाही वापरत त्या.’’

बाईंनी एक गोल आईच्या हातावर ठेवला. आईनं सारण भरलं, कड दाबली आणि आपल्या पद्धतीनं मुरड घातली, किंचित तिरकी, दोरीसारखी पीळ दिलेली. बाईंनी ती जवळ नेऊन पाहिली, उलटी करून पाहिली. मग मुलीला हाक मारून दाखवली. मी फोनवर शब्द शोधून त्यांना वळिवड्याचं सांगायचा प्रयत्न केला. कोल्हापूर हे नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. पण ‘युद्ध’, ‘तुमच्या भागातल्या बायका’, ‘आमचं गाव’, ‘पाच वर्षं’ एवढं कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. पिठाचे हात होते म्हणून मनगटानं त्यांनी आईच्या खांद्याला स्पर्श केला आणि पुढचा गोल पाडायला घेतला. रांग मोठी होती.

आईनं वळलेला पिएरोगी उकळून तिच्याच ताटात आला. मुरडीवरून ओळखू आला. उकळत्या पाण्यात तो फुटला नाही, याचा आईला फार आनंद झाला.

16 ऑगस्ट

काझिमिएश भागात एक धावती चक्कर. प्लात्स नोवीच्या गोल इमारतीच्या खिडक्यांमधून झापिएकांका मिळते: लांब अर्धा पाव, अळंबी, चीज, वरून सॉस. लोक कौतुक करतात, मला साधारण वाटली. त्यापेक्षा वाटेतल्या ठेल्यावर डोंगरातल्या धनगरांचं मेंढीचं चीज, ओस्त्सिपेक, छान होतं. लाकडी साच्यात नक्षी उठवून धुरावर मुरवलेलं. गिऱ्हाइकानं एवढं बघावं की खऱ्या ओस्त्सिपेकचं वजन 600 ते 800 ग्रॅम असतं, आकार चातीसारखा असतो आणि तो मेंढ्या चरायच्या हंगामातच होतो. भाजून मिळणाऱ्या छोट्या चकत्या बहुधा गाईच्या दुधाच्या. आमच्या विक्रेत्यानं हे आपण होऊन सांगितलं आणि मगच विकलं.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. आई तिथं कितीदा फिरायला गेली असेल. परत गेल्यावर नीट वाचते, म्हणाली.

गाडीला तासभर होता. मी सामानापाशी थांबले. काकड्यांचं पाणी सांडू नये म्हणून पिशवीला दुसरी पिशवी घालत होते. आई एकटीच पहिल्या दिवशीच्या निळ्या गाडीकडे गेली. लांबून मला आवाज ऐकू येत नव्हता, पण तिनं आधी काय म्हटलं ते ओठांवरून कळलं. बाईंनी तेच परत म्हटलं. मग आईनं पदराची गाठ सोडली, चिल्लर काढली, आणि एकेक नाणं मोजून त्यांच्या तबकात ठेवलं. खसखशीचे दोन, तिळाचा एक.